सात नंबरचा पेशंट

"हलू नकोस! डावा घोटा! धर पाय असा… आवळलं, गाठ मारली, झालं!"

कॅप्टननी टाळी वाजवली आणि ते उठलेसुद्धा. गादीवर पडलेल्या शंकाबाईने अजून धड कण्हायलाही सुरुवात केली नव्हती. आदल्या दिवशी आरशासमोर उभं राहून तिने कण्हण्याचे तीन प्रकार बसवले होते. तिन्ही वाया गेले.

"बाई, चार नंबर खल्लास!" कॅप्टन ओरडले. "दोन मिनिटांत!"

"खल्लास नाही, बरा झाला म्हणा," परीक्षक बाई म्हणाल्या आणि त्यांनी हातातल्या पॅडवर खूण केली.

व्यायामशाळेत आठ गाद्या अंथरल्या होत्या आणि प्रत्येक गादीवर एकेक पोर पेशंट होऊन पडलं होतं. छातीवर नंबर टाचलेला, शेजारी पाठीवरची पिशवी, खिशात चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलेलं दुखणं आपलं समजायचं, पण तोंडाने सांगायचं ते कोणी विचारलं तरच. परवा भ्रमण मंडळाची मुलं तीन दिवस जंगलात चालायला जाणार होती. तिथे ना दवाखाना, ना फोनला रेंज! म्हणून बरोबर जाणाऱ्या पाच मोठ्या माणसांची ही परीक्षा चालली होती. घंटा होईपर्यंत प्रत्येकाने आठही पेशंट पाळीपाळीने बघायचे. परीक्षक बाईंनी वीस वर्षांत डोंगरात हरवलेली, पडलेली माणसं शोधून आणली होती. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की आधी बघा, मग विचारा आणि मगच हात लावा.

शंकाबाई हे अर्थातच खरं नाव नव्हे. बारा वर्षांच्या त्या मुलीला प्रत्येक गोष्टीत "पण का?" विचारायची खोड होती, म्हणून तिच्या मामानेच ते नाव ठेवलं होतं. सुट्टीला ती आणि तिचा नऊ वर्षांचा भाऊ बारक्या मामाकडे आले होते. मामाचा मुलगा ढब्बू तिच्याच वयाचा, पण वजनाने दोघांची बेरीज. तो पाच नंबरच्या गादीवर पसरला होता.

पहिली फेरी संपल्यावर शंकाबाईने त्याला गाठलं. "ढब्बू, कॅप्टननी तुला काय विचारलं?"

"काही नाही. आले, शर्ट वर केला, पोटावर ओली पट्टी ठेवली, गेले. गुदगुल्या झाल्या."

"आणि तुझ्या चिठ्ठीत काय होतं?"

"पोटाला मुका मार."

"मग त्यांना न विचारता कसं कळलं?"

"झाली सुरू!" ढब्बूने कपाळावर हात मारला. "अगं, पंधरा वर्षं मुलांना जंगलात नेतायत ते. नजर असते एकेकाची!"

"नजर? माझ्या घोट्याला सूज नाही, खरचटलेलं नाही. पायात मोजे होते माझ्या! मोज्यातून दिसतं त्यांना?"

गुपचूप चौकशी केल्यावर कळलं, की परीक्षा देणाऱ्यांपैकी चष्मेवाले सर, उंच दादा आणि बँकवाले काका यांनीही एका शब्दाने काही विचारलं नव्हतं. चौघांचीही सगळी उत्तरं बरोबर! विचारलं होतं फक्त शिवणकाम करणाऱ्या टाचणीकाकूंनी, आणि तेही इतकं, की घंटा झाली तरी त्यांचं "इथे दाबलं की दुखतं का?" चालूच होतं. आठांतले तीनच पेशंट पुरे झाले आणि काकूंच्या नावापुढे लाल फुली पडली.

"काकू चांगल्या आहेत, पण किती हळू!" बारक्या म्हणाला. बारक्याचं तोंड सकाळपासून मिटलंच नव्हतं. "मी तर कॅप्टनच्या तुकडीत! दहा वर्षांखालची तुकडी त्यांचीच. ते म्हणाले, रात्री तंबूत भुताच्या गोष्टी सांगणार, आणि मला त्यांचा चाकू बघायला देणार, आणि—"

शंकाबाईला ते ऐकवेना. बारक्याला दमा होता. चार पावलं पळाला तर काही व्हायचं नाही, पण कधी धुळीने, कधी थंडीने त्याची छाती एकाएकी भरून यायची. वर्षभर हट्ट धरल्यावर आईने फोनवर परवानगी दिली होती, तीसुद्धा एका अटीवर. "बरोबरचा माणूस परीक्षा पास झालेला असेल तरच." शंकाबाई मोठ्यांच्या तुकडीत, वेगळ्या वाटेने जाणार. म्हणजे बारक्याजवळ असणार ते फक्त कॅप्टन.

दुपारच्या सुट्टीत तिघं डबा द्यायला मामाच्या दुकानात गेली. मामाचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि तो भ्रमण मंडळाचा सचिवही होता. चार वाजताच्या दुसऱ्या फेरीची यादी परीक्षक बाईंनी त्याच्याकडेच दिली होती. तिची एक प्रत काढायची, कापून चिठ्ठ्या करायच्या, मूळ कागद बाईंना परत.

मुलांना पाहताच मामाने टेबलावरचे कागद झटकन पालथे घातले. "ए, पेशंटांनी बघायचं नाही हं! डबा ठेवा आणि पळा."

पण शंकाबाईचे डोळे कागदांपेक्षा चपळ होते. चिठ्ठ्या तर कापून पाकिटात गेल्या होत्या. मग तरीही टेबलावर चार कागद कसले? मोजून चार!

"मामा, मी जरा पेन्सिल बघते," असं म्हणून तिने दोघांना वह्यांच्या मांडणीमागे ओढलं. दोनच मिनिटांत दारात कॅप्टन उभे राहिले.

"झालं का आमचं पाठांतराचं?"

"हळू बोला की!" मामाने एक कागद पुढे सरकवला. "बाकीच्या तिघांनाही द्या. आणि एकेका पेशंटला चार मिनिटं तरी लावा जरा, सकाळी फारच घाई केलीत."

कॅप्टन हसले आणि घडी खिशात घालून बाकीचे तीन कागदही घेऊन गेले.

मांडणीमागे ढब्बूचा चेहरा पडला होता. तिघं मागच्या दाराने बाहेर येऊन पायऱ्यांवर बसली, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बाबा असं करतील असं वाटलं नव्हतं."

शंकाबाईलाही वाटलं नव्हतं. मामा तिचा फार लाडका होता. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे धड काहीच जमत नव्हतं.

"आत्ता जाऊन बाईंना सांगू," ती म्हणाली.

"नको!" बारक्या उसळला. "सहल रद्द होईल! मला जायचंय!"

"आणि तिथे तुला दम लागला तर? कॅप्टन तुझा घोटा बांधतील!"

"शिवाय आपल्यावर कोण विश्वास ठेवणार?" ढब्बू म्हणाला. "कागद त्यांच्या खिशात. ते म्हणणार, पोरं चहाडखोर आहेत. पुरावा काय आपल्याकडे?"

पुरावा! शंकाबाई उठून उभी राहिली. "यादीत नंबर आणि दुखणं असतं, हो ना? चौघांनी नंबर पाठ केलेत. नंबर आपल्या छातीवर राहू देत. चिठ्ठ्या बदलू!"

ढब्बूने आ वासला. मग पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "शंकाबाई, तू भयंकर आहेस!"

चारला पाच मिनिटं असताना चिठ्ठ्या हातात पडल्या. शंकाबाईच्या चौथ्या नंबरला दमा आला होता, 'पंप पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात'. ढब्बूच्या पाचला डोक्याला मार आणि बारक्याच्या सातला मोडलेला उजवा हात. खोकण्याच्या निमित्ताने तिघांनी डोकी एकत्र आणली. दमा गेला बारक्याकडे, हात ढब्बूकडे आणि डोकं शंकाबाईकडे.

"तुझं तर पाठच आहे," ती बारक्याच्या कानात म्हणाली. "फक्त खरा दम लागला तर दोन बोटं वर कर!"

घंटा झाली. बँकवाले काका पहिल्या गादीकडे, टाचणीकाकू आठ नंबरकडे, बाकीचे तिघे आपापल्या पेशंटकडे धावले. चष्मेवाले सर ढब्बूवर वाकले आणि त्याच्या डोक्याला पट्टी गुंडाळू लागले.

"सर, आई गं, हात!" शेवटी न विचारताच ढब्बू उजवा हात छातीशी धरून विव्हळला.

"डोक्याला लागलं की माणूस असंच काहीतरी बरळतो," सर म्हणाले आणि त्यांनी पट्टीचा पुढचा वेढा थेट डोळ्यांवरून नेला.

शंकाबाईच्या वाट्याला उंच दादा आले. ती छताकडे शून्य नजरेने बघत म्हणाली, "मी कोण आहे? ही कोणती शाळा?"

"बोलू नकोस, आणखी दम लागेल!" दादांनी तिच्या पिशवीतला खोटा पंप काढून तिच्या तोंडात कोंबला.

हसू आवरणं कठीण होतं. पण तिने मान वळवून सात नंबरकडे पाहिलं आणि हसू कुठच्या कुठे पळालं. बारक्या उठून बसला होता. खांदे वर, गळ्याची शीर ताणलेली, ओठांचा चंबू, आणि प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टी. हे नाटक आहे हे तिला माहीत होतं. बोटं वर नव्हती. पण खरंखुरंही हे अगदी असंच दिसायचं.

"वा रे नटसम्राट!" म्हणत कॅप्टननी त्याला पुन्हा आडवं पाडलं आणि त्याच्या धडधाकट उजव्या हाताला फळी लावली.

"पं… पंप…"

"पंप नंतर! आधी हात!"

बारक्या उठायला बघत होता आणि कॅप्टन त्याला एका हाताने दाबून धरून दुसऱ्या हाताने पट्टी बांधत होते. चांगली घट्ट, सुबक पट्टी! शंकाबाईला वाटलं, उठावं आणि धावत जावं.

पण तिच्याआधी दुसरंच कोणीतरी धावलं. आपला पेशंट सोडून टाचणीकाकू सात नंबरपाशी आल्या आणि त्यांनी कॅप्टनचा हात चक्क बाजूला सारला. "उठवा त्याला! झोपवू नका! बाळा, बस ताठ. बोलू नकोस, मान हलव. पंप आहे? पिशवीत? पुढच्या कप्प्यात?" तीन खुणांत बारक्याचा स्वतःचा पंप त्याच्या हातात आला.

"अहो, हा तुमचा पेशंट नाही!" कॅप्टन चिडले. "आणि सात नंबरला हात मोडलाय!"

परीक्षक बाई सावकाश चालत आल्या. त्यांनी बारक्याकडे पाहिलं, हातातल्या यादीकडे पाहिलं आणि मग कॅप्टनकडे.

"हात मोडलाय हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"म्हणजे… दिसतंच आहे ना."

"मला नाही दिसत." बाई मुलांकडे वळल्या. "चिठ्ठ्या कोणी बदलल्या?"

शंकाबाई उठली. "मी. मीच सुचवलं. पण बाई, चिठ्ठ्या बदलल्यावर माझं डोकं दुखायला हवं ना? मग दादांनी मला पंप का दिला? ढब्बूचा हात मोडलाय, आणि डोकं बांधलं! यांची उत्तरं आमच्याशी जुळत नाहीत, तुमच्या यादीशी जुळतायत!"

ढब्बूने डोळ्यांवरची पट्टी वर केली आणि दाराकडे पाहिलं. दारात मामा उभा होता. तो पुढे आला आणि खाली मान घालून म्हणाला, "यादी मी दिली. मूळ चूक माझी आहे. गाडी ठरली होती, पोरं आशेवर होती. हे चौघे नापास झाले असते तर सगळंच रद्द. आणि म्हटलं, हे तर जुने जाणते लोक."

"जुने जाणते आहेत, म्हणूनच विचारेनासे झालेत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण कॅप्टननी मान खाली घातली. "काकू, तुम्ही तिकडून कशा धावलात? पाठ तर तुमची होती याच्याकडे."

टाचणीकाकू गोंधळल्या. "हा मुलगा सकाळपासून सारखा बडबडतोय, बाई. एकदम गप्प झाला. म्हटलं, काहीतरी बिनसलं."

बाईंनी काकूंच्या नावापुढची लाल फुली खोडली. मग शंकाबाईकडे वळून म्हणाल्या, "न विचारता चिठ्ठ्या बदलल्यात, ते मला आवडलेलं नाही. सरळ माझ्याकडे यायचं."

"तुम्ही विश्वास ठेवला असता?"

बाईंनी क्षणभर विचार केला. "नसता ठेवला कदाचित. पुढच्या वेळी ठेवीन. वीस वर्षांत इतकी चोख परीक्षा मी घेतली नाही, पोरांनो. शाबास तुमची!"

सहल आठ दिवस पुढे गेली. तेवढ्या दिवसांत चौघांनी पहिल्यापासून शिकायचं आणि नव्याने परीक्षा द्यायची, असं ठरलं. मामाने सचिवपद सोडलं आणि बहिणीला फोन करून स्वतःच सगळं सांगितलं. फोन बराच वेळ चालला आणि बोलत होती फक्त आई.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅप्टन घरी आले. त्यांनी टोपी काढली आणि खुर्ची नको म्हणत ते बारक्यासमोर जमिनीवरच बसले. खिशातून त्यांनी कोरी वही काढली.

"मला सांग," ते म्हणाले, "दम लागायच्या आधी तुला काय होतं?"

बारक्या खुलला. कसं होतं, कधी होतं, पंप आधी हलवायचा, मग श्वास आत ओढून दहापर्यंत थांबायचं, सगळं त्याने सांगितलं. कॅप्टन लिहून घेत होते. मध्ये मामा चहा घेऊन आला, तर त्यांनी हातानेच त्याला थांबवलं.

बारक्या म्हणाला, "आता तुम्ही म्हणून दाखवा."

कॅप्टननी वही मिटली आणि दोनदा म्हणून दाखवलं. दोन्ही वेळा ते पंप हलवायला विसरले. दारात उभ्या असलेल्या शंकाबाईने ते ऐकलं. कॅप्टननी वर पाहिलं, तेव्हा त्यांचा चेहरा शाळेतल्या मुलासारखा झाला होता, आणि तिचा राग जरासा निवळला. पण जरासाच.

"पुन्हा," ती म्हणाली आणि शेजारी येऊन बसली. "पहिल्यापासून."