बेताची मोटर

दारातल्या खोक्याला अडखळून तो आत आला आणि थेट माझ्या काउंटरवर आदळला. चष्मा एका कानावर लोंबत होता.

"लागलं का?" मी विचारलं.

"हे रोज मी विचारतो," चष्मा सावरत तो हसला. "दातांचा डॉक्टर आहे. तुमच्याकडच्या सगळ्यात मोठ्या स्टेपर मोटरी द्या. तीन."

मोटरी-वायरींचं हे दुकान काकांचं, पण जीभ माझी. "कापायचं काय आहे, डॉक्टर? डोंगर?"

कापायचं होतं पातळ लाकूड. स्वतः जोडलेल्या, कॉम्प्युटरच्या हुकमाने कापणाऱ्या छोट्याशा सीएनसी मशीनवर त्याला लाकडी कोडी बनवायची होती — हत्ती, मासे, गाड्या. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत लहान मुलं रडतात, त्यांच्या हातात द्यायला! ते ऐकून मी हातातली मोठी मोटर खाली ठेवली.

"मग बेताची घ्या. मोठीला जोर असतो, पण तुमच्या छोट्या पॉवर सप्लायवर ती भरभर पळत नाही."

"असू दे. मोठी ती मोठी."

घेऊन गेला! आणि आठवड्याभरात पडलेल्या चेहऱ्याने परत आला. खिशातून त्याने एक हत्ती काढला. सोंड पाठीवर उगवली होती.

"ही मोटर एकेक पाऊल मोजत फिरते, आणि तुमची स्टेप चुकवते," मी म्हटलं. "मशीनला वाटतं पोचलो, आणि पोचलेलं नसतं."

"हसू नका ना."

"हसत नाहीये." मी पोट धरून हसत होते.

मोटरी बदलून दिल्या. या बेताच्या मोटरी जुन्या झेरॉक्स मशीनमधून काढलेल्या, चारही वायरी मळून एकाच रंगाच्या झालेल्या. कुठल्या दोन एका गुंडाळीच्या, ते ओळखायचं तर दोन टोकं एकमेकांना लावून दांडा फिरवायचा. जड झाला, की जोडी सापडली. टोकं मी धरली, दांडा तो फिरवू लागला.

"हलका... हलकाच आहे... अडला!"

त्याची बोटं माझ्या बोटांना टेकली होती. दोघांनीही हात काढला नाही. मोटरी तीन होत्या, ते फार बरं झालं.

रविवारी मशीन लावून द्यायला त्याच्या दवाखान्यात निघाले, तर काकू दारातच उभी.

"कुठं स्वारी?"

"सर्व्हिसला."

"सर्व्हिसला नवे कानातले लागतात होय?"

दवाखान्यामागच्या खोलीत मशीन टेबलावर मांडलेलं होतं. मोटरींना वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हर बोर्डावरचा बारीक स्क्रू फिरवत मी करंट जुळवला. कमी पडला तर मोटर लटपटते, जास्त झाला तर तापते. मोटरीवर हात ठेवून पाहिलं — कोमट. छान.

"माझी मोटर ऐकून माणसं रडतात," तो म्हणाला. "तुम्ही मात्र ही ऐकून लाजताय."

"लाजत नाहीये. ऐकतेय."

आता एकच आकडा उरला होता, मोटरीने वेग किती झटक्यात घ्यायचा त्याचा. तो जरा चढा ठेवला, तर मशीन आज चालेल आणि चार दिवसांनी स्टेप चुकवेल. मग हा पुन्हा दुकानात येईल. नीट ठेवला, तर कशाला येईल? आणि मला तो यायला हवा होता. रडू येईल इतका हवा होता.

बोट कीबोर्डवर तसंच थांबलं. उघड्या दारातून बाहेरच्या, मुलांसाठीच्या बुटक्या खुर्च्या दिसत होत्या. मी आकडा खाली आणून नीट ठेवला.

हत्ती अख्खा निघाला, सोंडेसकट! त्याने टाळ्या वाजवल्या. मी स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला.

"आता तक्रार येणार नाही."

"कधीच?"

"कधीच. जरा बिघडवून ठेवणार होते... नाही जमलं."

बोलून गेले आणि जीभ चावली. त्याने मशीन बंद केलं.

"आठवडाभर विचार करतोय," तो म्हणाला, "हे नीट चालायला लागलं, की दुकानात काय सांगून यायचं."

"मग... काय ठरलं?"

"काहीच सुचलं नाही. तुम्ही मला फार आवडता, एवढंच सुचलं."

माझे कान लाल झाले असणार. लपवायला जागा नव्हती, आणि लपवावंसंही वाटेना.

"मलाही तुम्ही," मी म्हटलं. "उद्याच या."

"आणि काकांनी विचारलं, आज काय न्यायला आलात, तर?"

"माझ्याकडे बोट दाखवा. पुढचं मी बघते."