पाठीचं माप

भीमपूरची गाडी डोळ्यांदेखत सुटली आणि गार वाऱ्याला आडोसा म्हणून मी आदिलाबादच्या बस स्टँडसमोरच्या दुकानात शिरले. आत छतापर्यंत लोकर! लाल, पिवळी, मोरपंखी… गाभाऱ्यात आल्यासारखं वाटलं मला.

"काय देऊ, ताई?"

गल्ल्यामागं उंचापुरा तरुण होता. त्याचं नाव प्रितम, हे मला नंतर कळलं.

"पुरुषाचा स्वेटर विणायचाय," मी बोलून गेले. "पहिलाच."

स्वेटर होता कीर्तनकार अमृतरावबुवांसाठी. गेल्या पौषात आमच्या गावच्या सप्ताहात बुवा पहाटेच्या कीर्तनाला नुसतं उपरणं घेऊन उभे राहिले. हात थरथरत होते. आवाज मात्र… जराही नाही! तेव्हाच मी मनाशी नवस बोलले, पुढच्या वर्षी यांना माझ्या हातची ऊब. आणि नवस पुरा होईस्तोवर कुणाला सांगायचा नसतो.

मी सगळ्यात मऊ, सगळ्यात महाग गोळा उचलला.

"ठेवा तो," तो हसला. "केसाळ हाय. टाका चुकला तर उसवता येत न्हाई. हे साधं ॲक्रिलिक घ्या. स्वस्त हाय, गुळगुळीत हाय."

"मग काळं द्या."

"काळ्यात टाके दिसत न्हाईत, रडत बसाल. राखाडी घ्या."

"याहून बारीक धागा?"

"हाय की! पन स्वेटर उन्हाळ्यात होईन."

बारा गोळे लागणार होते. माझ्याजवळ दोन गोळ्यांपुरते पैसे. उरलेले दहा एका पिशवीत भरून त्यानं पिशवी गल्ल्याखाली सरकवली. "एकाच लॉटचे हायेत. नवीन मालाचा राखाडी येगळा पडते. दर शनिवारी दोन न्या."

मग दर शनिवारी विणलेला भाग घेऊन मी जायची, "जरा वळता का?" म्हणत त्याच्या पाठीला लावून बघायची. एका धाग्यातून माणसाची अख्खी पाठ उभी राहत होती! माझी बोटं थबकायची… तो श्वास रोखायचा… मीही.

कधीतरी त्याचं 'ताई' म्हणणं बंद झालं.

"त्याचे खांदे माह्यावानीच हायेत?" एकदा त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"हो… असतील."

"असतील? होनाऱ्या नवऱ्याचे खांदे ठाऊक न्हाईत?"

नवस अगदी ओठांवर आला. गिळला. त्या दिवशी त्यानं गोळे माझ्याकडं न बघताच पुढं केले, आणि गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसले.

शेवटचे दोन गोळे घेताना मी म्हटलं, "गुरुवारी पहाटे आमच्या गावी कीर्तन हाय. या. ज्याच्यासाठी विनला, तो दिसन."

"काऊन? जखमेवर मीठ चोळाले?"

पण आला. मंडपात मागं, खांबाला टेकून उभा राहिला.

कीर्तन संपलं. मी स्वेटर बुवांच्या पायाशी ठेवला. त्यांनी तो तिथंच अंगात घातला, आणि हात बाह्यांत हरवले! घेर गुडघ्यांपर्यंत! मंडपभर हशा. मी उठून उभी राहिले. बुवा जेमतेम माझ्या खांद्याएवढे होते. कीर्तनात मला डोंगराएवढा दिसलेला माणूस… एवढासा!

"पोरी, माप कोनाचं घेतलं?"

माझी मान आपसूक खांबाकडं वळली. बुवांनी पाहिलं.

"अस्सं! नवस माह्या नावाचा, अन् टाके त्याच्या नावाचे!" डोळ्यांत पाणी येईस्तोवर ते हसले. स्वेटर उतरवून माझ्या हाती दिला. "मले उपरनं पुरते. ज्याचा त्याले दे. प्रसाद म्हनून दे."

मी खांबापाशी गेले.

"बुवांसाठी होता?" प्रितमनं विचारलं. "सांगितलं काऊन न्हाई?"

"नवस होता."

त्यानं घातला. खांद्यापासून मनगटापर्यंत तंतोतंत. सहा आठवडे मी काय विणत होते, हे माझ्या हातांना ठाऊक होतं, मलाच नव्हतं! मी बघतच राहिले.

"तेजस्विनी," तो पहिल्यांदाच नावानं बोलला, "पुढच्या शनिवारपर्यंत थांबनं होत न्हाई आता. उद्याच मायले घेऊन तुमच्या घरी येतो. चालन?"

"सकाळीच या," मी म्हणाले. "नऊला बाबा शेतात जातात."