एकवचनी निवेदन

यमुनाताईंनी मनातल्या मनात वाक्य जुळवलं आणि डोळे मिटले. क्षणभराने टेबलावरच्या ध्वनिक्षेपकातून त्यांचाच आवाज आला, आजारपणाआधी होता तसाच भारदस्त.

"सांडखोल येथील दुर्घटनेबद्दल शासन तीव्र दुःख व्यक्त करीत आहे. दोषी कोणीही असो, त्याची गय केली जाणार नाही."

ताईंनी डावा हात टेबलावर आपटला. पाटी ओढून घेतली आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'हे मी म्हटलं नाही.'

"मग काय म्हणालात, ताई?" डॉ. रेवती सोनटक्के यांनी विचारलं.

ताईंनी खाली लिहिलं, 'चूक माझी आहे. मला माफ करा.'

चौदा महिन्यांपूर्वी पक्षाघाताने पंतप्रधान यमुनाताई कारखनीस यांची वाचा गेली आणि उजवं अंग लुळं पडलं. बुद्धीला मात्र धक्का लागला नव्हता. रेवतीने त्यांच्या मेंदूवर एक पातळ जाळी बसवली. बोलण्याचा हेतू मनात उमटला की ही जाळी तो टिपायची आणि यंत्र त्याचं वाक्य करायचं. या यंत्रणेला तिने नाव दिलं होतं वाक्‌सेतू. संसदेने ताईंना पदावर राहू दिलं ते एकाच अटीवर. त्यांचं प्रत्येक जाहीर निवेदन थेट वाक्‌सेतूतून यायला हवं होतं, दुसऱ्या कुणी लिहून दिलेला मजकूर चालणार नव्हता.

नऊ दिवसांपूर्वी संध्याकाळी ताईंनी असंच एक निवेदन केलं होतं. वादळ उत्तरेकडे वळलं आहे, किनाऱ्यावरच्या कोणीही घर सोडू नये. अंदाज चुकला. वादळ वळलंच नाही. सांडखोलच्या लोकांनी पंतप्रधानांचं ऐकलं आणि ते घरातच राहिले. एकतीस माणसं गेली.

"यंत्र खोटं बोलतंय का?" कोपऱ्यातल्या खुर्चीवरून प्रभाकर नेने यांनी विचारलं. बावीस वर्षं ताईंची भाषणं तेच लिहीत होते. आता लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ते रोज यायचे.

"खोटं नाही, नेनेकाका. मेंदूकडून येणारा संकेत फार अंधूक असतो, धुक्यातून माणूस दिसावा तसा. तो कोण असेल हे यंत्र ओळखीवरून ठरवतं. ताई एरवी काय बोलतात ते बघतं आणि त्यातलं सगळ्यात जवळचं वाक्य उचलतं."

"आणि ताई एरवी काय बोलतात ते त्याला कुठून कळलं?"

"त्यांच्या भाषणांवरून. बावीस वर्षांची सगळी ध्वनिमुद्रणं त्याला ऐकवली आहेत."

नेन्यांनी चष्मा काढला. मग ते म्हणाले, "म्हणजे त्याला ताई कुठे भेटल्यात? त्याला मी भेटलोय."

 गेल्या वर्षभरातल्या कितीतरी गोष्टींचा रेवतीला आता उलगडा झाला. लेक भेटायला आली तेव्हा ताई तिला म्हणाल्या होत्या, 'तुझ्या आगमनाने मला मनस्वी आनंद झाला आहे.' सगळे हसले होते. ताई हसल्या नव्हत्या.

"माफी हा शब्द त्या साठ्यात किती वेळा आहे?" नेन्यांनी विचारलं.

रेवतीने पाहिलं. "एकदाही नाही."

"नसणारच. बारा वर्षांपूर्वी एका भाषणाच्या कच्च्या खर्ड्यात ताईंनी स्वतःच्या हाताने लिहिला होता. मी खोडला. म्हटलं, ताई, माफी मागितली की राजीनामा मागतात. 'शासनाला खेद आहे' असं केलं. नंतर त्यांनी तो शब्द कधी लिहिला नाही."

ताईंनी पाटीवर लिहिलं, 'शिकवा त्याला.'

पण शिकवणं सोपं नव्हतं. कोरडं वाक्य घोकून मेंदूत ठसा उमटत नाही, रेवतीने सांगितलं. माफी खरीच मागायला हवी. समोर माणूस हवं, आणि चूकही खरी हवी. तेव्हाचा संकेत इतका ठळक असतो की यंत्राला दुसरं वाक्य उचलताच येत नाही. सांडखोलबद्दलच्या जाहीर निवेदनाआधी हातात चार दिवस होते.

पहिल्या दिवशी धाकटी बहीण मंदा आली. आई गेली तेव्हा ताई प्रचारदौऱ्यावर होत्या, सगळं मंदाने एकटीने केलं होतं. तीस वर्षांत दोघी त्यावर बोलल्या नव्हत्या. पहिल्या खेपेला यंत्र म्हणालं, "मातोश्रींच्या निधनाने पोकळी निर्माण झाली आहे." मंदा उठून जायला निघाली. ताईंनी डाव्या हाताने तिचा पदर धरला. दुपारपर्यंत त्या प्रयत्न करत राहिल्या, आणि अखेर ध्वनिक्षेपकातून खरखरत आलं, "मंदे, चुकलं माझं. माफ कर."

दुसऱ्या दिवशी लेक सई आली, तिसऱ्या दिवशी शाळेतली मैत्रीण नलू. प्रत्येकीशी काही ना काही राहून गेलं होतं. संध्याकाळी रेवती आलेख तपासायची तेव्हा तिचे डोळे सुजलेले असायचे.

चौथ्या दिवशी ताईंनी नेन्यांकडे बोट केलं आणि समोरच्या खुर्चीकडे खूण केली.

"माझी कसली माफी?" नेने गडबडून उठले. "माझे शब्द तुम्ही आपले म्हणून वापरलेत, हेच ना? ते माझं कामच होतं, ताई. उगाच वेळ नको घालवायला." आणि चहा सांगायच्या निमित्ताने ते बाहेर गेले. ताई दाराकडे बघत राहिल्या.

पाचव्या दिवशी सकाळी अकराला निवेदन होतं. कॅमेरा सुरू झाला. ताईंनी डोळे मिटले. नेहमीचं 'देशबांधवांनो' आलंच नाही.

"ऐक," ताईंचा आवाज म्हणाला. "चुकलं माझं. घर सोडू नकोस असं मीच तुला सांगितलं. तू माझं ऐकलंस. तुझं माणूस गेलं ते माझ्यामुळे. मला माफ कर."

रेवती नेन्यांच्या कानाशी कुजबुजली. "नेनेकाका, हे एकवचनात बोलतंय! माफी मागायची ती 'तू' म्हणूनच, एवढंच त्याला ठाऊक आहे. तिघींनाही ताई 'तू'च म्हणत होत्या. 'तुम्ही'चं एकही उदाहरण आपण दिलं नाही." तिचा हात कळीकडे गेला. "थांबवू? अख्ख्या देशाला अरेतुरे..."

नेन्यांना कालचं आठवलं. ताई 'तुम्ही' म्हणून माफी मागणार होत्या असा एकच माणूस होता, आणि तो चहा सांगायला निघून गेला होता.

"त्यांच्याकडे बघ," ते म्हणाले.

ताईंनी डोळे उघडले होते. आपण काय बोललो ते त्यांनी ऐकलं होतं. थांबवायचं असतं तर डावा हात नुसता उचलायचा होता. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि पुन्हा डोळे मिटले.

"रागाव," आवाज म्हणाला. "पण मला तुझ्याकडे येऊ दे."

पुढच्या आठवड्यात ताई सांडखोलला गेल्या. वाडीतल्या बायका दारात येऊन उभ्या होत्या. पुरुष होड्यांपाशीच थांबले होते. शेवटच्या घराच्या पडवीत द्रौपदी तांडेल बसली होती. वय पासष्टीचं. नवरा त्या वादळात गेलेला, मूलबाळ नाही. चाकांची खुर्ची दिसताच ती म्हणाली, "इलंस? भितर ये."

बरोबरचे जिल्हाधिकारी पुढे सरसावले. "आजी, त्या पंतप्रधान आहेत."

"म्हायत आसा माका." द्रौपदीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. खुर्ची आत घेतल्यावर ती ताईंच्या समोर जमिनीवर बसली. "तुका माफ केलंय असा मी म्हणूचंय नाय. माझ्यान ता जमाचा नाय. पण येक सांगतंय. वादळ झाल्यावर कितीतरी लोक इले. सगळी माका तुम्ही, तुम्ही करीत होती. 'तू' म्हणणारो माका येकच होतो, तो गेलो. माका वाटला, आता जल्मात कोण म्हणूचो नाय. मगे त्या दिवशी रेडिओर तू म्हटलंस."

तिने पदर तोंडाला लावला.

दाराशी उभे असलेले नेने मनात वाक्य शोधत होते. बावीस वर्षांची सवय. एकही सापडलं नाही.

ताईंनी डावा हात पुढे केला. द्रौपदीने तो बघितला, थोडा वेळ तसाच राहू दिला, मग हातात घेतला. ताईंनी डोळे मिटले.

"तो कसा होता?" आवाज आला. "सांग मला."

द्रौपदी सांगू लागली.