तीन वाजताची हजेरी

तात्यांच्या नातीला जुळी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. घडली तशी लिहिली आहे. तिखटमीठ लावलेलं नाही.

रात्र नव्हती. भर दुपार होती. जुन्या कागदपत्रांच्या कचेरीतली मागची खोली, आणि भिंतीवरच्या घड्याळात तीन.

तात्या गवंडी. हात थरथरायला लागले तेव्हा थापी खाली ठेवली आणि साठाव्या वर्षी अक्षरं गिरवली. सहा महिने ते दोन बस बदलून इथे येत होते. कारण एकच. थोरली बहीण, अक्का. ती आता तात्यांच्याच घरी अंथरुणाला खिळली होती.

सव्वाशे वर्षांपूर्वी, राणीच्या राजवटीत, त्यांचे पणजोबा पलटणीत शिपाई होते. नदीकाठच्या लढाईनंतर घरी परतले नाहीत. लोक म्हणाले, पळाला. अक्काला सासरीही जन्मभर 'पळपुट्याची पणती' हेच ऐकावं लागलं. डोळे मिटायच्या आधी तिला खरं काय ते कळायला हवं होतं. रोज संध्याकाळी एकच प्रश्न, "सापडला का रे, बारक्या?"

त्या दिवशी वही सापडली. लढाई संपल्यावरची, दुपारी तीनची हजेरी.

तात्या मोठ्यानं वाचू लागले.

"मनात वाचा की, तात्या," कचेरीतल्या बाई म्हणाल्या.

"मनात वाचायचं शिकवायच्या आधीच आमचे मास्तर निवृत्त झाले, बाई."

"मग वाचा. कपाटांना तरी कळू दे," असं म्हणून बाई हसत चहाला गेल्या.

तात्यांनी पहिलं नाव वाचलं...

टक्.

टाचेला टाच भिडावी तसा आवाज. मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

दुसरं नाव...

टक्.

नावापुढे बरोबरची खूण असली की टाचा वाजत. फुली असली की काहीच नाही.

मग पणजोबांचं नाव आलं. पुढे ना खूण, ना फुली. रकाना कोरा.

तात्यांनी नाव वाचलं...

काहीच नाही.

पुन्हा वाचलं. काहीच नाही. पण खोलीभर कुणीतरी श्वास रोखून वाट पाहत होतं.

तात्या फार थकले होते. आज अक्काला काय सांगायचं?

ते पुटपुटले, "हजर."

टक्... अगदी त्यांच्या खुर्चीमागे.

वहीत पाहिलं, तर रकान्यात बरोबरची खूण. शाई बाकीच्यांसारखीच विटलेली.

"इथे कोरं होतं," बाई परतल्यावर ते म्हणाले.

"कोरं कुठलं? हजर आहे की. चष्मा पुसा."

अक्का ऐकून रडली. मग कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता घराच्या खिडकीखाली टाचा वाजल्या. एकामागून एक... मग शांतता.

कुणाची वाट पाहतात, ते तात्यांना कळलं.

"हजर," ते म्हणाले.

मग हे रोजचंच झालं. ओ दिली नाही तर ती खूण पुसली जाईल, ही धास्ती. कुठेही असले तरी तीनच्या आत घर गाठायचे. जुळ्यांना पाहायलासुद्धा गेले नाहीत.

डिसेंबरात एकदा अक्का म्हणाली, "बारक्या, टाचा मलाही ऐकू येतात."

तात्यांनी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"माझ्यापायी किती दिवस पहारा देणार? दमलास रे. उद्या ओ देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी तीनला टाचा आल्या. तात्या अक्काचा हात धरून बसले होते. हात गार पडत चालला होता. त्यांनी ओ दिली नाही.

टाचा बराच वेळ थांबल्या... मग गेल्या.

पंधरा दिवसांनी त्यांनी कचेरीत जाऊन वही उघडली. रकाना कोरा.

"बाई, इथे खूण होती ना? तुम्हीच म्हणालात."

"मी? पहिल्यापासून कोराच आहे, तात्या."

टाचा पुन्हा आल्या नाहीत. पण अजूनही तीन वाजले की तो शब्द जिभेवर येतो, आणि तात्या ओठ घट्ट दाबून धरतात.

अक्का त्या वर्षी नऊ डिसेंबरला, दुपारी पावणेतीनला वारली. पणजोबा कधी वारले, याची नोंद नाही.