मोगऱ्याला बांधलेली वाकळ

“माझ्या धन्याच्या मोगऱ्याला चिंध्या गुंडाळलीस? उद्या पुनवेला विहारातनं परतताना माणसं घरी येणार, ती काय म्हणतील गं!”

विमलबाईंनी सुतळी तोडली, पत्र्याच्या डब्याभोवतीची ओली वाकळ ओढून गच्चीच्या कोपऱ्यात भिरकावली, आणि सून पंचशीला तुटलेली सुतळी गोळा करू लागली... काय सांगणार होती ती! आळंदच्या या गच्चीवर सासरे गुंडेरावांनी हा मोगरा मातीच्या रांजणात वाढवला होता, दर वैशाख पौर्णिमेला त्याचीच फुलं विहारातल्या बुद्धमूर्तीपुढे जायची. ते गेले, मग रांजणही तडकला, आणि राजपालने मोठ्या हौसेने निळा रंगवलेला पत्र्याचा मोठा डबा करून आणला. “माझ्या लेकानं बापाचं झाड वाचवलं,” असं विमलबाई गल्लीभर सांगत सुटल्या होत्या. आणि त्याच डब्यात उन्हाने मुळं भाजत होती, हे एकट्या सुनेला कळलं होतं! नवऱ्याच्या हौसेला नावं ठेवायची, की सासूचा अभिमान मोडायचा? त्यापेक्षा तिने डब्याखाली विटा सरकवल्या, आपल्या पेटीतली वाकळ काढून भोवती बांधली आणि ती रोज भिजवत राहिली.

“बोल की! तोंड शिवलंय व्हय?”

“चुकलं, आत्याबाई,” एवढंच ती म्हणाली.

दुपारी विमलबाई पाणी घालायला वर गेल्या. सकाळी टपोऱ्या असलेल्या कळ्या माना टाकून लोंबत होत्या! घाबरून त्यांनी डब्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला... म्हणजे ती वाकळ यासाठी होती? कोपऱ्यात जाऊन त्यांनी ती उलगडली. मधोमध हिरव्या इरकली लुगड्याचा ओळखीचा तुकडा होता. लग्नात पंचशीलाच्या आईने हीच वाकळ लेकीच्या हाती देताना हुंदका दिला होता, आणि वर्षभरातच ती माउली गेली होती. सून ती वाकळ कधी अंगावरही घेत नसे!

“पंचशीले!”

हाक ऐकून ती धावत वर आली. विमलबाई तापल्या स्लॅबवर अनवाणी, पदर पसरून, डब्यावर आपली सावली धरून उभ्या होत्या.

“आयीची वाकळ घातलीस... मला सांगितलीस कामून न्हाई?”

“त्येंनी लई हौसेनं आणलाय डबा. तुमी बी सगळ्यास्नी कौतुकानं सांगायलाव... कसं बोलू, आत्याबाई?”

“अन् म्या ह्या हातानं ओढून फेकले गं माय! बांध लवकर... तवर मी हितून हलत न्हाई.”

पंचशीलाने वाकळ भिजवली, रडत रडत सुतळी आवळली. ती गाठ मारेपर्यंत विमलबाईंच्या तळपायांना फोड आले होते.

पौर्णिमेच्या सकाळी साऱ्या झाडावर एकच कळी उमलली होती. बाकीच्या काळवंडून गळाल्या होत्या. राजपाल विहारात न्यायची ताटली घेऊन थांबला होता. विमलबाई लंगडत आल्या, त्यांनी ते फूल खुडलं आणि सुनेच्या ओंजळीत ठेवलं.

“तुझ्या आयीच्या फोटोला वाहा, माय. विहारात मी रिकाम्या हातानं जाईन.”