हिरव्या जाळीखालचा फोटो

“फोटोत पोरगी उजळ हाय. समोर न्हाई.”

आठ वर्षांपूर्वी ओसरीवर बसलेल्या, कुणाच्या तरी आत्याबाई हे हळूच बोलल्या होत्या. आणि आत पोहे परतणाऱ्या धनश्रीला ते लख्ख ऐकू आलं होतं. तेव्हापासून तिनं एक ठरवलं... फोटो द्यायचा तो आपल्याच रंगाचा. भाजल्या बाजरीसारखा. रतीभर उजळ नाही, रतीभर सावळा नाही.

वडवणीत घरच्या घरी फोटो छापून देता देता तिनं किती पोरींची लग्नं जुळताना पाहिली. तिचं मात्र राहूनच गेलं. तिशी आली, हौस दमली. आज पाचच्या गाडीनं राधाकिशनमामा तिचा फोटो घेऊन युसूफ वडगावला निघणार होते. तिथल्या मुलाच्या आजीला मोबाइलमधलं दिसत नव्हतं, कागदावरचाच हवा होता. आणि नेमका प्रिंटर हट्टाला पेटलेला. पहिल्याच फोटोत चेहरा हिरवट, शेवाळल्यासारखा. तिनं लाल रंग वाढवला, तर चेहरा काळवंडला. हेड तीनदा साफ केलं, कागद बदलला. अकरा फोटो वाया गेले.

शेवटी तिनं सोमेश्वरला फोन लावला.

नांदूरघाटचा सोमेश्वर दोन वर्षांपासून तिच्या प्रिंटरच्या दुरुस्तीला यायचा. सगळा गाव तिला ताई म्हणायचा. ह्याच्यावर तिला हाक मारायची वेळ आली की हा नुसता खोकायचा.

उन्हानं करपून आला तो. तांब्याभर पाणी एका दमात प्याला.

“कावून रुसलंय मशीन?”

“मशीनलाच इचारा. मी थकले आता.”

त्यानं तपासणीचा कागद काढला. चारी रंगांच्या रेघा सलग, एकही तुटलेली नाही. सेटिंग बघितलं, डोकं खाजवलं.

“छापल्यावर फोटो बघता कुठं?”

“हितंच, दारात. उजेडाला.”

सोमेश्वरनं वर पाहिलं. अंगणभर हिरवी जाळी ताणलेली. खाली सगळंच हिरवं झालेलं — रांजण, उंबरा, तिची ओढणी...

“ही कवा बांधली?”

“चार दिस झाले. ऊन लई हाय.”

“आन् रंग कवापासून बिघडलाय?”

धनश्री वर जाळीकडं बघू लागली. मग कपाळावर हात मारून हसली. किती दिवसांनी.

दोघं फोटो घेऊन रस्त्यावरच्या उन्हात आले. लाल वाढवलेले दहा फोटो गुलालात बुडाल्यागत. उरला सगळ्यात पहिला, तिनं टाकून दिलेला. तो सोमेश्वरनं तिच्या गालाशेजारी धरला. एकदा कागदाकडं बघितलं, एकदा तिच्याकडं... मग कागदाकडं बघायचं राहूनच गेलं.

“जमलाय?”

“तंतोतंत.”

“मग द्या. मामा निघालेत.”

तो देईना.

“ह्यो मला लागंल.”

“कशाला?”

“सॅम्पल म्हणून. गिऱ्हाइकाला दाखवायला.”

“असलं कोणतं गिऱ्हाईक हाय, माझं तोंड बघणारं?”

मामा चपला घालत दारात आले. धनश्रीनं हात पुढं केला, पण फोटो ओढला नाही.

“नीट सांगा,” ती हळू म्हणाली. “लई दमलेय मी. आडून बोललेलं आता उमगत न्हाई मला.”

सोमेश्वरनं फोटो छातीशी धरला.

“माझ्या आईला दाखवायचाय. दोन वर्षं झाली, ती इचारती... कोण हाय ती, एकदा दाखव तरी.”