पाच घड्यांची पुडी

पहिली घडी

आमच्या दुकानाच्या पुडीला दोरा लागत नाही, टाचणीही नाही. वर्तमानपत्राचा चौकोन तिरका ठेवायचा, मधोमध औषध, मग एकेक बाजू आत. पाच घड्यांनंतर एक टोक उरतं, ते खालच्या खाचेत सरकवायचं. पुडी माडीवरून पडली तरी सुटत नाही. ही घडी माझ्या वडिलांनी, अप्पांनी, फक्त मला शिकवली. अप्पा जाऊन नऊ वर्षं झाली. म्हणजे आता ती येणारा मी एकटाच.

लातुरात गंजगोलाईजवळच्या बोळात आमचं काष्ठौषधीचं दुकान आहे. भिंतभर लाकडी खण. वेखंड, सुंठ, मुरडशेंग, ज्येष्ठमध. तिसऱ्या ओळीतला कोपऱ्याचा खण रिकामा असतो. त्यात ईश्वरमूळ असायचं. बाळंतिणीच्या काढ्यात अप्पा ते घालत. सोमवारी बाकीच्या खणांना नुसती उदबत्ती, या एका खणाला विभूतीची तीन बोटं.

"नावातच ईश्वर हाय," अप्पा म्हणायचे. "ते कुणाचं वाईट करंल का?"

दुसरी घडी

चौदा वर्षांपूर्वी नांदेडच्या एका वैद्यांनी आमच्याकडून ईश्वरमूळ घेणं बंद केलं. कारण म्हणून एक छापील कागद पाठवला. मी रसायनशास्त्र शिकलेलो, मला तो समजला. या मुळात एक आम्ल असतं. भेसळ नव्हे, झाड ते स्वतःच तयार करतं. पोटातून ते मूत्रपिंडात जातं, पेशींवर आपली खूण ठेवतं आणि गप्प बसतं. गाठ कधीकधी कैक वर्षांनी दिसते.

तिसरी घडी

त्याच आठवड्यात उरलेलं अर्धं पोतं मी गावाबाहेर नेऊन जाळलं.

चौथी घडी

गेल्या महिन्यात हुसेनबी दुकानात आली. रेणापुरात बाळंतिणींना न्हाऊ घालते, काढा करून देते. माझी बहीण शिवानी तिच्याच शेजारी राहते.

"अमरेशसेठ, या खेपेचा काढा लई उग्र हाय. वासानंच मंजुश्री नाक दाबून राहिली."

मंजुश्री शिवानीची मुलगी. नववा लागलेला, पहिलटकरीण, माहेरी आलेली. बाळंत झाल्यावर चाळीस दिवस काढा प्यायचा.

"मी कुठं काय पाठवलं?"

"घ्या. म्हातारी झाले मी, अन् इसरायलाव तुमी."

तिनं पिशवीतून रिकामा कागद काढला. त्यावर पाच घड्यांच्या रेघा होत्या, टोकाची खाच होती. वर पेन्सिलीनं 'काढा, दोन वेळ'. अक्षर माझं.

"कधी आली ही?"

"काल. दिवेलागणीला."

कागदावर छापलेली तारीख आजची होती. आजचा पेपर गल्ल्यावर घडीसुद्धा न मोडता पडला होता. मी तो उघडला. मधल्या पानाचा चौकोन फाडलेला.

ती गेल्यावर कोपऱ्याचा खण ओढला. रिकामा. मात्र दर्शनी फळीवर विभूतीची तीन बोटं होती, ओली. त्या खणाला मी चौदा वर्षांत हात लावलेला नाही.

तिसरी घडी, उलगडून

पोतं जाळलं नव्हतं.

वैद्यांचा तो छापील कागद खणाच्या तळाशी घातला आणि त्यावर ईश्वरमूळ ओतलं. संपेपर्यंत विकलं. अप्पा तेव्हा समोर बसत. त्यांना काय सांगणार होतो? की अर्ध्या गावच्या लेकीसुनांना त्यांनी चाळीस वर्षं काय पाजलं?

त्याच श्रावणात शिवानीला मुलगा झाला. तिची पुडी मी माझ्या हातानं बांधली. चाळीस दिवसांत काय होणार, असं वाटलं.

गेल्या दिवाळीत तिचं डावं मूत्रपिंड काढलं. डॉक्टरांनी विचारलं, "झाडपाल्याचं काही घेत होता?"

"न्हाई हो," शिवानी म्हणाली. "घरचा काढा तेवढा. ते काय औषध हाय?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली फरशीकडं.

पाचवी घडी

आज दुपारच्या गाडीनं रेणापूरला गेलो. सगळं सांगायचं ठरवून.

शिवानीच्या स्वयंपाकघरात फळीवर नऊ पुड्या एका ओळीत. एक उघडली. मुळाचे तुकडे, कापलेल्या जागी ओलसर. कापरासारखा, मागून कडवट वास. चौदा वर्षांत तो विसरलो नव्हतो.

"यातलं मंजूला काही देऊ नकोस, शिवानी."

"का रं अण्णा?"

वर पंखा करकरत होता. तिचा हात सवयीनं डाव्या कुशीवर.

"जुनं झालंय," मी म्हणालो.

ती हसली. "जुनं? तूच धाडतो अन् तूच नावं ठेवतो. बरं, ताजं पाठव मग."

नऊच्या नऊ पुड्या पिशवीत घातल्या. परतीच्या बसमध्ये एकेक उलगडून मुळं खिडकीबाहेर टाकली. शेवटचा कागदही सोडून दिला.

पिशवी झटकली. रिकामी.

फोन वाजला. शिवानी.

"अण्णा, पोचली रं पुडी."

"कुठली?"

"ताजी. तूच लिवलंय की वर. अन् ऐक, मंजूच्या कळा सुरू झाल्या. हुसेनबी आधण ठेवायली." मग म्हणाली, "मघाशी काहीतरी सांगत होतास ना?"

मी तोंड उघडलं.

फोन खांद्यानं कानाशी धरला होता. मग दोन्ही हात कुठं होते?

मांडीवर. वर्तमानपत्राच्या चौकोनावर. पाचवी घडी पडत होती.

"अण्णा?"

"न्हाई," मी म्हणालो. "काही न्हाई."

टोक खाचेत बरोबर बसलं.